मूल 'वेगळे' जन्मले तर दोष कुणाचा? उत्तर परळच्या प्रयोगशाळेत आहे

घरात एखादे मूल 'वेगळे' जन्माला आले, किंवा सुनेला दोन-तीनदा दिवस राहून टिकले नाहीत, की आपल्याकडे पहिला प्रश्न डॉक्टरला विचारला जात नाही. तो सुनेच्या माहेरी विचारला जातो. "तुमच्याकडे आधी कुणाला असं होतं का?" मग प्रत्येकाचे निदान सुरू होते. फुफी म्हणते, नजर लागली. शेजारची खाला म्हणते, ग्रहणात हातात सुरी घेतली असेल. थोडेफार शिकलेला मामू म्हणतो, चुलतभावाशी निकाह लावला ना, मग हे होणारच. काही घरांत गोष्ट इथेही थांबत नाही. मुलाच्या दुसऱ्या निकाहची कुजबुज सुरू होते आणि पहिली मुलगी बॅग घेऊन अम्मीकडे येऊन बसते. आम्ही शाळेत शिकवतो. पालकसभेला आलेल्या आयांच्या तोंडून हे ऐकतो, बहुतेक वेळा बाकी सगळे निघून गेल्यावर.

या प्रश्नाचे उत्तर मिळू शकते, आणि ते फार लांब नाही. वडाळ्याहून परळ किती? तिथे केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची एक संस्था आहे, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी. कोविडच्या काळात आयसीएमआर हे नाव सगळ्यांच्या तोंडी होते, तीच ही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद. या संस्थेत सायटोजेनेटिक्स नावाचा विभाग आहे, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली माणसाची गुणसूत्रे बघणारा विभाग. तिथे डॉ. बाबू राव वुंदिंटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे हेच काम केले: गुणसूत्रे मोजायची, त्यांतली मोडतोड टिपायची आणि ती कुठल्या आजाराशी जुळते ते शोधायचे.

परळला या विद्येची जुनी परंपरा आहे. १९५२ साली भेंडे, देशपांडे, भाटिया आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे ब्लड ग्रुप' हा दुर्मीळ रक्तगट जगापुढे आणला, तो इथेच. त्यानंतर १९५७ साली इथे ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर सुरू झाले आणि त्याचीच पुढे ही संस्था झाली. आपल्या घराशेजारी असलेल्या गोष्टींची आपल्याला खबर नसते, त्यातली ही एक.

आता मुद्द्याकडे येऊ. गुणसूत्रांत गडबड ढोबळमानाने तीन तऱ्हांची असते. पहिलीत गुणसूत्रांची संख्या चुकते. दुसरीत संख्या बरोबर असते, पण तुकड्यांची जागा बदललेली असते. तिसरीत गुणसूत्रे तुटतात आणि तुटलेले नीट सांधले जात नाही. तिघांची कारणे वेगळी, आणि पुढच्या मुलाला धोका किती, हेही वेगळे. आपण मात्र तिन्हींना एकच नाव देतो, 'खानदानी दोष', आणि तो सुनेच्या पदरात टाकून मोकळे होतो.

राजमा, सुरंजान आणि थोडे पाणी

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'आनुवंशिकता व परिवर्तन' हा धडा आहे. घरात नववीचे मूल असेल तर त्याच्याकडून पुस्तक मागून घ्या. आपल्या शरीराच्या जवळपास प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, २३ जोड्या. उर्दू माध्यमातली मुले त्यांना क्रोमोसोम म्हणतात. प्रत्येक जोडीतले एक अम्मीकडून येते, एक अब्बांकडून. शरीर कसे बांधायचे आणि कसे चालवायचे, याच्या सूचना म्हणजे जनुके, आणि ती या गुणसूत्रांवर ओळीने बसलेली असतात. २३वी जोडी मुलगा की मुलगी ते ठरवते. मुलीत एक्सएक्स, मुलात एक्सवाय. वाय फक्त बापाकडूनच येऊ शकतो, ही गोष्ट मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांनी तरी पाठ करावी.

हा ४६ आकडा शास्त्रज्ञांनाही सहज मिळाला नाही. १९५६ पर्यंत सगळे जग ४८ म्हणत होते. कारण सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे शेवयांच्या गोळ्यासारखी एकमेकांत गुंतलेली दिसत, मोजणार कशी? १९५२ च्या सुमारास अमेरिकेत टेक्सासला टी. सी. शू नावाच्या संशोधकाला एके दिवशी ती अचानक सुटी-सुटी, पसरलेली दिसली. शोध घेता कळले की प्रयोगशाळेत कुणीतरी द्रावण बनवताना पाणी जास्त घातले होते. पाणी शोषून पेशी फुगल्या आणि आतली गुणसूत्रे मोकळी झाली. गंमत म्हणजे एवढे स्वच्छ दिसूनही शू यांनी आकडा ४८ च मानला, कारण सगळे तेच म्हणत होते! पुढे जावा बेटावर जन्मलेले जो हिन त्जिओ आणि स्वीडनचे आल्बर्ट लेव्हान यांनी १९५६ साली ४६ हा आकडा पक्का केला.

आज परळच्या किंवा कुठल्याही प्रयोगशाळेत तुमची गुणसूत्रे बघताना काय करतात? हाताच्या शिरेतून दोन-तीन मिलिलिटर रक्त घेतात. त्यात राजम्याच्या दाण्यातून काढलेला एक पदार्थ घालतात. त्याने पांढऱ्या पेशी जाग्या होऊन दुभंगू लागतात, हे १९६० साली पीटर नोवेल यांच्या लक्षात आले. ते रक्त शरीराइतक्या उबेत, ३७ अंशांवर, साधारण ७२ तास ठेवतात. पेशी ऐन दुभंगण्याच्या घडीला असताना कोल्चिसिनच्या जातीचे औषध घालून त्यांना तिथेच थांबवतात. हे कोल्चिसिन म्हणजे आपले हकीम सांधेदुखीला जे सुरंजान देतात, त्यातले द्रव्य. कोकणात पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते ती कळलावी, तिच्यातही हेच असते. म्हणून ती विषारी. मग पातळ द्रावण घालून पेशी फुगवतात, काचेवर थेंब टाकतात, रंग देतात. प्रत्येक गुणसूत्रावर काळे-पांढरे पट्टे उमटतात, त्यावरून ते कितवे हे ओळखतात. फोटो घेऊन जोड्या लावतात. याला कॅरिओटाइप म्हणतात. रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतात, कारण यातले बरेचसे काम आजही माणसाच्या डोळ्यांनी होते.

पुरुषाचा सामान्य रिपोर्ट '४६, एक्सवाय', स्त्रीचा '४६, एक्सएक्स'. एवढे वाचता आले तरी अर्धी भीती जाते.

एक जास्त झाले, ते कुणामुळे?

रिपोर्टवर '४७, एक्सवाय, +२१' असे आले तर मुलाला डाऊन सिंड्रोम आहे. २१ नंबरची दोन गुणसूत्रे असायची तिथे तीन आहेत. अशा मुलांचे पहिले वर्णन १८६६ साली इंग्लंडचे डॉक्टर जॉन लँगडन डाऊन यांनी केले आणि चेहऱ्यावरून त्यांना 'मंगोल' म्हटले. तो शब्द जुन्या पुस्तकांत 'मंगोलिकता' म्हणून अजून सापडतो. १९६१ साली शास्त्रज्ञांनीच 'लॅन्सेट' या नियतकालिकात पत्र लिहून हा शब्द टाकून देण्याची विनंती केली होती. एका अख्ख्या कौमेचे नाव आजाराला द्यायचे, हे बरोबर नव्हतेच.

खरे कारण सापडले पॅरिसमध्ये, जानेवारी १९५९ मध्ये. शोधनिबंधावर तीन नावे होती: जेरोम लेज्यून, मार्थ गोतिए, रेमों तुर्पाँ. जगाने लेज्यून यांचे नाव लक्षात ठेवले. पेशी वाढवण्याची सारी खटपट ज्या बाईंनी केली त्या डॉ. गोतिए मागे पडल्या, निबंधात त्यांच्या आडनावाचे स्पेलिंगसुद्धा चुकले. पन्नास वर्षांनी त्यांनी स्वतः ही हकिकत लिहिली, तेव्हा लोकांना कळले. बाईचे श्रेय कसे गळते, हे आपल्याला वेगळे शिकवायला नको.

आता तो प्रश्न. हे जास्तीचे गुणसूत्र आले कुठून? डाऊनच्या साधारण १०० पैकी ९५ मुलांत ते बीज तयार होतानाच्या चुकीतून येते. जोडीतली दोन गुणसूत्रे अलग होऊन दोन बाजूंना जायची असतात, ती चिकटून एकाच बाजूला जातात. बहुतेक वेळा हे आईच्या बीजात होते, काही वेळा बापाच्या. "बघा, म्हणजे आईच ना!" असे म्हणण्याआधी पुढचे वाचा. स्त्रीची बीजे ती स्वतः तिच्या आईच्या पोटात असताना तयार होतात आणि मग वीस-तीस-चाळीस वर्षे अर्ध्यावर थांबून राहतात. गुणसूत्रांना धरून ठेवणारी बांधणी वयाबरोबर सैल होते. म्हणून वय वाढले की शक्यता वाढते: पस्तिशीत साधारण ३५० बाळंतपणांत एक, चाळिशीत साधारण १०० त एक. यात तिने काय खाल्ले, कुठे गेली, काय पाहिले याचा काही संबंध नाही. आणि तरुण आयांनाही अशी मुले होतात. खरे तर डाऊनची बरीच मुले पस्तिशीच्या आतल्या आयांचीच असतात, कारण एकूण बाळंतपणेच त्या वयात जास्त होतात.

आणि चुलत-मामे नात्यातला निकाह? या साध्या प्रकारच्या डाऊनशी त्याचा संबंध नाही. मोठ्या अभ्यासांत तो दिसलेला नाही. शिकलेल्या मामूंचे निदान इथे चुकते. एक मूल असे झाले म्हणून पुढचे असेच होईल, असेही नाही. तरुण आईच्या बाबतीत पुन्हा होण्याची शक्यता साधारण शंभरात एक.

ज्या घरात असे मूल आहे त्यांनी रिपोर्ट कपाटात ठेवून बसू नये. या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयाचा दोष असतो, म्हणून मूल ठणठणीत दिसत असले तरी हृदयाची इको तपासणी पहिल्या काही दिवसांतच करून घ्यावी. थायरॉइड, कान, डोळे यांची तपासणी ठरावीक काळाने होत राहिली पाहिजे. परळलाच वाडियांचे मुलांचे रुग्णालय आहे, १९२९ पासूनचे. सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क या मुलांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिला आहे. यूडीआयडी कार्ड काढा. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' नावाची आरोग्य विमा योजना आहे, एक लाख रुपयांपर्यंत, बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी. आमचा वर्गातला अनुभव सांगतो: ही मुले सावकाश शिकतात, पण शिकतात, आणि बाकीच्या पोरांना थांबायला शिकवतात. त्यांना घरात लपवून ठेवणाऱ्या लोकांचा आम्हाला राग येतो, हे लिहायला हरकत नाही.

संख्येच्या चुकीचे आणखी दोन प्रकार १९५९ सालीच कळले. मुलीत एकच एक्स असला, '४५, एक्स', तर टर्नर सिंड्रोम. अशी मुलगी बुटकी राहते, पाळी आपोआप सुरू होत नाही. दहा-अकराव्या वर्षीही मुलगी वर्गात सगळ्यांहून फार बुटकी असेल तर 'आमच्याकडे सगळे ठेंगणेच' म्हणून सोडू नका. उंचीसाठीचे उपचार वय उलटल्यावर लागू पडत नाहीत. दुसरा प्रकार मुलांतला, '४७, एक्सएक्सवाय', क्लाइनफेल्टर सिंड्रोम. साधारण ६०० मुलग्यांत एकाला असतो. दिसायला धडधाकट, संसार नीट, पण वीर्यात शुक्रजंतू नसतात किंवा अगदी कमी असतात. अशा कित्येक घरांत वर्षानुवर्षे तपासण्या सुनेच्याच होत राहतात. तिचे इंजेक्शन, तिचीच दुर्बीण, तिचाच तावीज. नवऱ्याची एक साधी वीर्यतपासणी आधी झाली असती तर?

गुणसूत्रे तेवढीच, पाने बदललेली

वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांसाठी हा भाग नीट वाचावा.

पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ गळतात, त्यांतल्या साधारण निम्म्यांत गुणसूत्रांची गडबड असते. बहुतेकदा ती त्या एका वेळेपुरती असते. तो गर्भ मुळातच वाढण्याजोगा नसतो. बादली उचलली, जिना चढली, दादरला खरेदीला गेली म्हणून तो गळत नाही. पण पुन्हा पुन्हा होऊ लागले तर दुसरे एक कारण तपासावे लागते. अशा १०० जोडप्यांपैकी दोन ते पाच जोडप्यांत नवरा किंवा बायको यांच्यापैकी एकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत अदलाबदल झालेले असतात.

हे समजायला आमचा मास्तरी दाखला घ्या. समजा सहावी अ आणि सहावी ब असे दोन वर्ग, आणि प्रत्येक वर्गाच्या हजेरीपटाच्या दोन-दोन प्रती. एका बायंडरने गोंधळ केला आणि 'अ'च्या एका प्रतीची शेवटची दहा पाने 'ब'च्या एका प्रतीला शिवली, 'ब'ची 'अ'ला. एकूण पाने तेवढीच आहेत, एकही हरवले नाही. म्हणून तो माणूस पूर्ण निरोगी असतो, त्याला काही जाणवत नाही. पण मुलाला देताना प्रत्येक वर्गाची एकच प्रत द्यायची असते. बदललेला 'अ' आणि साधा 'ब' गेला, तर 'अ'ची दहा पाने कमी आणि 'ब'ची दहा पाने दुप्पट. असा गर्भ बहुधा टिकत नाही, टिकला तर मूल व्यंग घेऊन येते. दोन्ही साधे गेले तर मूल ठीक. दोन्ही बदललेले गेले तरी ठीक, फक्त ते मूलही आई किंवा बापासारखे वाहक.

डाऊनच्या १०० पैकी तीन-चार मुलांत हाच प्रकार असतो. जास्तीचे २१वे गुणसूत्र सुटे नसते, १४व्यासारख्या दुसऱ्या एखाद्याला जोडलेले असते. काही वेळा ते आई किंवा बाप यांच्याकडून आलेले असते. १४-२१ अशा जोडाची वाहक आई असेल तर पुढच्या वेळी धोका साधारण दहात एक किंवा थोडा जास्त, बाप असेल तर बराच कमी. म्हणूनच डाऊन झालेल्या मुलाचा कॅरिओटाइप करणे जरूर असते. चेहरा बघून डॉक्टर निदान करतील, पण पुढच्या बाळंतपणाचा हिशेब चेहऱ्यावरून करता येत नाही.

आणि तपासणी दोघांची करायची. आम्ही हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापायला सांगितले असते. बदललेली पाने नवऱ्याकडेही असू शकतात. दुसरा निकाह लावून दिला आणि पाने नवऱ्याचीच बदललेली असली, तर दुसऱ्या घरातही तेच दु:ख पोहोचते आणि दोन मुलींची आयुष्ये होरपळतात. दोन-तीन मिलिलिटर रक्त द्यायला मर्दपणा आड येऊ नये.

तुटणारी गुणसूत्रे, आणि नात्यातल्या निकाहचा खरा प्रश्न

तिसरा प्रकार फारसा कुणाला माहीत नसतो, आणि परळच्या त्या विभागाचे मोठे काम याच आजारावर आहे. त्याचे नाव फँकोनी ॲनिमिया. गुइडो फँकोनी या स्वित्झर्लंडच्या बालरोगतज्ज्ञाने १९२७ साली एकाच घरातल्या तीन भावांत तो पाहिला.

आपल्या पेशींतल्या गुणसूत्रांना रोजच इजा होत असते, आणि शरीरात ती दुरुस्त करणारी एक टोळी काम करत असते. फँकोनीच्या मुलांत या टोळीतले एक जनुक निकामी असते. अशी जनुके वीसहून जास्त आहेत. दुरुस्ती होत नाही, गुणसूत्रे तुटत राहतात, आणि साधारण सात-आठ वर्षांचे होता होता हाडांतला मगज रक्त बनवणे कमी करू लागतो. मूल फिकट पडते, अंगावर निळे डाग उठतात, ताप वारंवार येतो. पुढे रक्ताचा व इतर कॅन्सर होण्याची शक्यता खूप वाढते. काही मुलांत आधीपासून खुणा असतात: उंची कमी, अंगठा लहान किंवा नसलेला, कातडीवर चहाचे डाग पडावेत तसे चट्टे. काहींत एकही खूण नसते.

असे मूल बहुधा 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाच्या बाटल्या पीत राहते. निदान होते ते गुणसूत्रांवरूनच. रक्तपेशी वाढवताना त्यात मायटोमायसिन-सी नावाचे औषध घालतात. निरोगी माणसाची गुणसूत्रे ते बऱ्यापैकी सोसतात. फँकोनीच्या मुलाची काडकाड तुटतात आणि भलतीकडे जुळून चांदणीसारखे आकार तयार होतात. परळच्या प्रयोगशाळेत ही तपासणी होते, आणि डॉ. वुंदिंटी यांच्या गटाने भारतातल्या रुग्णांत कुठल्या जनुकात कोणता बिघाड आहे, हेही शोधून प्रसिद्ध केले. त्यात आधी कुठेच नोंद नसलेले बिघाडही सापडले. ही माहिती नुसती कागदावरची नाही. या मुलांवर मगज बदलण्याचा उपचार होतो, पण त्याआधी देतात ती औषधे त्यांना नेहमीच्या मात्रेत सोसत नाहीत, फार कमी द्यावी लागतात. निदान न करता नेहमीची मात्रा दिली तर औषधच जीवावर बेतते. आणि मगज देणारा भाऊ किंवा बहीण वरून धडधाकट दिसली तरी तिचीही आधी हीच तपासणी करावी लागते.

नात्यातल्या निकाहचा संबंध येतो तो इथे. फँकोनीचे बहुतेक प्रकार असे आहेत की बिघडलेले जनुक आई आणि बाप दोघांकडून आले तरच मूल आजारी पडते. एकाकडूनच आले तर ते मूल नुसते वाहक. दोघे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता. थॅलेसेमियाचा हिशेब हाच. आता चुलत, मामे, आते, मावस भावंडांचे आजी-आजोबा एकच. त्यांच्या जनुकांचा साधारण आठवा हिस्सा सारखा असतो. आजोबांतला एकच बिघाड दोन वाटांनी येऊन नातवंडांच्या घरी भेटण्याची शक्यता त्यामुळे वाढते. किती वाढते? कुठल्याही जोडप्याला जन्मजात आजाराचे मूल होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन असते. सख्ख्या चुलत-मामे भावंडांत ती साधारण शंभरात चार ते सहा होते. म्हणजे बहुतेकांची मुले ठीकच होतात, पण धोका जवळपास दुप्पट असतो. 'काही होत नाही' म्हणणारे चूक, आणि 'होणारच' म्हणणारेही चूक.

ही काही एकट्या मुसलमानांची गोष्ट नाही. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न ही कितीतरी जातींत मान्य रीत आहे. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये काम करणारे डॉ. एल. डी. संघवी, आपल्या देशातल्या मानवी आनुवंशिकीच्या पहिल्या फळीतले शास्त्रज्ञ, यांनी १९५६ साली मुंबईतल्या बारा समाजांत नात्यातल्या लग्नांचे प्रमाण किती आहे, याचा अभ्यास सहकाऱ्यांसोबत प्रसिद्ध केला होता. त्यावरून एका समाजाने दुसऱ्याला टोमणे मारावेत असे काही नाही. शरीयतमध्ये असा निकाह जायज आहे, म्हणजे तो करायलाच हवा असेही नाही. घराण्यात आधी असा आजार झालेला असेल, तर त्याच घराण्यात पुन्हा सोयरीक जमवण्याआधी जनुकीय सल्ला घ्यावा, एवढे तरी घरातल्या वडीलधाऱ्यांनी करावे.

गर्भातली तपासणी, कायदा आणि वेळ

११ ते १४ आठवड्यांत सोनोग्राफी आणि रक्ततपासणी मिळून फक्त शक्यता सांगतात. आईच्या रक्तातून होणारी नवी महागडी एनआयपीटी तपासणीही शक्यताच सांगते, पक्के निदान नाही. पक्के सांगते ती वारेच्या नमुन्याची तपासणी, साधारण ११ ते १३ आठवड्यांत, किंवा गर्भजलाची, साधारण १६ आठवड्यांनंतर.

गर्भजलात गुणसूत्रे मोजताना मुलगा की मुलगी हेही कळते. याच मुंबईत ऐंशीच्या दशकात त्याचा उघड धंदा झाला, भिंतींवर जाहिराती लागल्या. बायकांच्या संघटनांनी लढून १९८८ साली महाराष्ट्रात बंदीचा कायदा आणवला, देशातला पहिला. १९९४ साली तो देशभर झाला. म्हणून रिपोर्टवर लिंग लिहीत नाहीत, आणि कुणी विचारूही नये.

गर्भात गंभीर दोष निघाला तर पुढे काय, हा प्रत्येक जोडप्याचा आपला निर्णय. आलिमांच्या मतांत १२० दिवसांचा मुद्दा येतो. इथे एक हिशेब ध्यानात ठेवा: डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीपासून, म्हणजे गर्भ राहण्याच्या साधारण दोन आठवडे आधीपासून. १२० दिवस म्हणजे डॉक्टरांच्या मोजणीत साधारण १९ आठवडे. गर्भजलाचा रिपोर्ट यायलाच दोन-तीन आठवडे जातात. तेव्हा आलिमांना विचारायचे ते तपासणीच्या आधीच विचारून ठेवा.

जायचे कसे? आधी आपल्या डॉक्टरकडून चिठ्ठी घ्या, त्यात तपासणी कशासाठी हे लिहून घ्या. केईएम, वाडिया, आणि जहांगीर मेरवानजी स्ट्रीटवरची आयसीएमआरची प्रजनन आरोग्यावरची दुसरी संस्था, १९७० पासूनची, ही सगळी परळातच आहेत. नमुना कोणत्या दिवशी घेतात आणि फी किती, हे आधी विचारून जा. उपाशीपोटी जायची गरज नाही. अलीकडे रक्त चढवले असेल तर ते सांगा. दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्यांची माहिती कागदावर लिहून न्या: कुणाचे गर्भपात झाले, कोणते मूल लहानपणी गेले, कुणाचा निकाह कुणाशी, कोण नात्यातले. ही माहिती बहुधा घरातल्या दादी-नानीलाच ठाऊक असते, तेव्हा आदल्या रात्री तिच्याजवळ बसा. आणि रक्त द्यायला नवरा-बायको दोघे जा.